पहिला कॅमेरा : आधी गरज, मग यंत्र

वार्षिक परीक्षेचा निकाल लागला, मुलाने अथवा मुलीने बऱ्यापैकी गुण मिळविले, आणि आईबापांनी कौतुकाने "तुला काय हवे?" असे विचारले, की आजकाल पुष्कळ घरांतून "कॅमेरा" असे उत्तर येते. पूर्वी हा मान सायकलीचा अथवा मनगटी घड्याळाचा असे. काळ पालटला, हौसही पालटली. ही हौस आम्हांस मुळीच वाईट वाटत नाही. उलट डोळे उघडे ठेवून जगाकडे पाहावयास शिकविणारी कोणतीही विद्या विद्यार्थ्यास हितकरच होय. परंतु मागणी करणारे मूल आणि ती पुरविणारे पालक दुकानाच्या पायरीवर उभे राहून जो पहिला प्रश्न विचारतात, तो मात्र आमच्या मते अगदी चुकीचा असतो. "तुमच्याकडील सर्वांत चांगला कॅमेरा कोणता?" हा तो प्रश्न होय. पायाचे माप कळल्यावाचून सर्वांत चांगली वहाण कोणती हे जसे चांभारासही सांगता येणार नाही, तद्वत् काम कळल्यावाचून सर्वांत चांगला कॅमेरा कोणता हे जगातील कोणाही शहाण्यास सांगता येणार नाही.

हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नव्हे. आज लेन्ससह नवा, अगदी साध्या वर्गातला मिररलेस कॅमेरा घ्यावयाचा म्हटला, तरी अर्ध्या लाख रुपयांच्या घरात विचार करावा लागतो. मध्यम स्थितीतील कुटुंबात ही रक्कम म्हणजे कित्येक महिन्यांची बचत होय. ती खर्चून आणलेले यंत्र दोन सहली आणि एक वाढदिवस झाल्यावर कपाटात जाऊन पडावे, हे दृश्य आज दुर्मीळ नाही. त्यात पैसा जातो तो जातोच. पण त्याहून मोठे नुकसान वेगळेच आहे. "मला हे जमत नाही" असा मुलाचा ग्रह होतो, "ह्याला कशाचीच कदर नाही" असा पालकांचा होतो, आणि एक चांगली हौस अकाली विझून जाते. वस्तुतः दोष मुलाचाही नसतो आणि यंत्राचाही नसतो. दोघांची गाठ चुकीची पडलेली असते, इतकेच.

यास्तव आमचे म्हणणे एका वाक्यात सांगावयाचे तर असे, की पहिला कॅमेरा निवडण्याचे काम दुकानात नव्हे, तर घरी, वहीच्या पानावर व्हावयास पाहिजे. आणि तेही आधी काही काळ चित्रे काढून झाल्यावर. ह्या म्हणण्याची कारणे क्रमाने पाहू.

प्रथम हे यंत्र आहे तरी काय, ते समजून घेऊ. कोणत्याही कॅमेऱ्याची मुख्य अंगे तीनच. प्रकाश आत आणणारे भिंग, म्हणजे लेन्स. तो किती वेळ आत येऊ द्यावा हे ठरविणारे दार, म्हणजे शटर. आणि ज्यावर तो प्रकाश पडतो तो पडदा. पूर्वी हा पडदा रासायनिक लेप दिलेल्या फिल्मचा असे; डिजिटल कॅमेऱ्यात त्याची जागा सेन्सरने घेतली आहे. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉईल व जॉर्ज स्मिथ ह्या शास्त्रज्ञांनी सीसीडी नावाच्या घटकाची कल्पना काढली, आणि तीबद्दल २००९ साली त्यांस पदार्थविज्ञानाच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. ह्याच सीसीडीचा उपयोग करून १९७५ साली ईस्टमन कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन ह्या तरुण अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा जुळविला. त्याचे वजन सुमारे साडेतीन किलो होते, एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरावयास २३ सेकंद लागत, आणि त्या चित्रात आडवे शंभर व उभे शंभर, म्हणजे एकंदर दहा हजार ठिपके असत. आज साध्या वर्गातील कॅमेऱ्यातही दोन कोटी चाळीस लाख ठिपके सहज आढळतात. म्हणजे त्या वेळच्या चोवीसशे पट! परंतु मूळ तत्त्व तिळभरही बदललेले नाही. छायाचित्राचे भांडवल प्रकाश हेच आहे; जो कॅमेरा आपल्या कामापुरता प्रकाश गोळा करील तो चांगला, आणि जो करू शकणार नाही त्यावर कितीही सोनेरी अक्षरे असोत, तो आपल्यापुरता निरुपयोगी.

आता ठिपक्यांचा विषय निघालाच आहे, तर मेगापिक्सेलच्या भुताला एकदाची मूठमाती देऊन टाकू. दहा लाख ठिपके म्हणजे एक मेगापिक्सेल. जाहिरातदार हा आकडा सर्वांत मोठ्या टाइपात छापतात, आणि गिऱ्हाईकही "जितका आकडा मोठा तितके चित्र चांगले" असे समजून भुलते. विद्यार्थ्यांनी येथे थोडे गणित करून पाहावे. नेहमीचा सहा इंच बाय चार इंच फोटो उत्तम छापावयाचा, तर दर इंचास ३०० ठिपके लागतात. म्हणजे १८०० गुणिले १२००, अर्थात् सुमारे २२ लाख. ए-फोर आकाराचा पूर्ण कागद तितक्याच बारकाईने छापावयाचा असला, तरी सुमारे ८७ लाख ठिपके पुरतात. तेव्हा बारा मेगापिक्सेलच्या जुन्या कॅमेऱ्याने काढलेले चित्र ए-फोरच्या संपूर्ण पानावर छापले, तरी ठिपके शिल्लक उरतील. शिवाय ठिपके दुप्पट केल्याने चित्राची लांबीरुंदी दुप्पट होत नाही. ती केवळ १.४ पट होते, कारण ठिपके क्षेत्रफळावर पसरतात. ज्यास मोठमोठे फलक छापावयाचे आहेत, अथवा चित्राचा लहानसा कोपरा कापून मोठा करावयाचा आहे, त्यास मोठा आकडा उपयोगी पडेल. शाळकरी विद्यार्थ्याने त्यासाठी एक रुपयाही अधिक मोजू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मग पाहावयाचे काय? तर सेन्सरचे क्षेत्रफळ आणि लेन्सचे सामर्थ्य. पावसाच्या एका सरीत अंगणात परात ठेवली आणि शेजारी वाटी ठेवली, तर सारख्याच वेळात परातीत अधिक पाणी साठणार, हे सांगावयास पंडित नको. सेन्सरचेही तसेच आहे. ज्यास फुल फ्रेम म्हणतात तो सेन्सर ३६ मिलिमीटर लांब व २४ मिलिमीटर रुंद असतो, म्हणजे क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर. एपीएस-सी नावाचा मधला आकार सुमारे साडेतीनशे चौरस मिलिमीटरांच्या आसपास येतो. एक इंची म्हणून जो सेन्सर ओळखला जातो, तो नावाप्रमाणे इंचभर नसतो. त्याची लांबी अवघी १३.२ मिलिमीटर व क्षेत्रफळ सुमारे ११६ चौरस मिलिमीटर असते. आणि खिशात मावणाऱ्या स्वस्त कॅमेऱ्यांत पुष्कळदा जो बसविलेला असतो, तो अवघ्या २८ चौरस मिलिमीटरांचा. म्हणजे परातीच्या मानाने वाटी तीस पट लहान! दिवसाच्या लख्ख उन्हात हा भेद फारसा जाणवत नाही, कारण तेथे पाऊस मुसळधार असतो. पण सायंकाळी, सभागृहात अथवा दिव्याच्या उजेडात चित्रावर जी वाळूसारखी कणकण उमटते, तिचे एक मोठे कारण हेच आहे.

असे असूनही आमची पहिली शिफारस कॅमेऱ्याची नाहीच. ती घरात असलेल्या मोबाइलची आहे. कित्येक वाचकांस हे वाचून हसू येईल. पण जगाचा हिशेब पाहावा. जपानमधील कॅमेरा कंपन्यांच्या संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०१० साली जगभर सुमारे बारा कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२३ साली हा आकडा ८० लाखांच्याही आत होता. उरलेल्यांची जागा मोबाइलने घेतली, आणि ती काही केवळ आळसाने घेतलेली नाही. मोबाइलचा सेन्सर बहुधा लहानच असतो. परंतु तो एका क्षणात अनेक चित्रे घेऊन ती एकावर एक जुळवितो आणि वाटीची उणीव हिशेबाने भरून काढतो. घरातील माणसे, सहलीतील देखावा, फळ्यावरील आकृती, आजीच्या हातचे लोणचे, ह्यांची चित्रे तो उत्तम काढतो. ज्याची गरज एवढीच आहे, त्याने कॅमेऱ्याचा नाद सोडावा व वाचलेल्या पैशांची पुस्तके घ्यावीत. त्यात कमीपणा काही नाही.

ज्यास मात्र आपली हौस याहून खोल आहे असे वाटते, त्याने एक व्रत करावे. तीन महिनेपर्यंत आठवड्यास दहा चित्रे मोबाइलनेच, पण विचारपूर्वक काढावीत. आणि जे चित्र काढावयाचे मनात होते परंतु निघाले नाही, त्याची नोंद वहीत करावी. का निघाले नाही, हेही एका ओळीत लिहावे. "पक्षी फार दूर होता." "नाटकाच्या रंगमंचावर उजेड कमी होता, नटाचा चेहरा पुसट आला." "कबड्डीपटूने सूर मारला आणि चित्रात नुसता पट्टा उमटला." "मुंगीचे पाय दिसले नाहीत." तीन महिन्यांनी ही वही उघडून कोणती तक्रार अधिक वेळा आली ते मोजावे. ती तक्रार हीच आपली गरज होय. दुकानदार, मित्रमंडळी अथवा जाहिरात यांजपैकी कोणासही ती आपल्याहून अधिक कळणे शक्य नाही. आणि वही कोरीच राहिली, तर तेही उत्तरच आहे!

आता प्रत्येक तक्रारीचे औषध निराळे कसे असते, ते पाहावे. समजा, विद्यार्थ्यास पक्ष्यांचा नाद आहे. हिवाळ्यात भिगवणचे रोहित पक्षी अथवा नांदूर मधमेश्वरची बदके पाहावयास तो वडिलांबरोबर जातो. येथे सेन्सरहून लेन्सचे नाभ्यंतर महत्त्वाचे. सुमारे २० सेंटिमीटर लांबीचा बुलबुल २० मीटरांवर बसला असेल, तर ५० मिलिमीटर नाभ्यंतराच्या लेन्सने त्याची सेन्सरवरील आकृती अवघी अर्धा मिलिमीटर पडते. ४०० मिलिमीटरच्या लेन्सने ती चार मिलिमीटर पडते. पहिल्या चित्रात पक्षी शोधावा लागेल, दुसऱ्यात त्याच्या शेपटीखालचा लाल रंग दिसेल. परंतु चारशे मिलिमीटरची स्वतंत्र लेन्स पुष्कळदा कॅमेऱ्याहूनही महाग पडते. अशा वेळी ज्यास ब्रिज कॅमेरा म्हणतात, म्हणजे ज्याची लांब पल्ल्याची झूम लेन्स अंगालाच कायमची जोडलेली असते, तो नवशिक्याने अवश्य पाहावा. त्याचा सेन्सर लहान असतो, संध्याकाळी तो हात टेकतो. पण पक्षी बहुधा सकाळच्या उन्हातच पाहावयाचे असतात, तेव्हा ही उणीव चालवून घेता येते.

उलट, एखाद्या मुलीस स्नेहसंमेलनातील नाटके व नृत्ये टिपावयाची आहेत. तिने तोच ब्रिज कॅमेरा घेतला, तर तिची पुरती निराशा होईल. तिची अडचण अंतराची नव्हे, अंधाराची आहे. तिला मोठा सेन्सर आणि विशाल तोंडाची लेन्स हवी. लेन्सचे तोंड किती उघडते हे एफ ह्या अक्षरापुढील अंकाने दाखवितात, आणि येथे अंक जितका लहान तितके तोंड मोठे, हे ध्यानात ठेवावे. कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या साध्या झूम लेन्सचा अंक लांब टोकास बहुधा एफ ५.६ पर्यंत जातो. ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स त्या मानाने नऊ पटींहून अधिक प्रकाश आत घेते. आणि आश्चर्य असे, की ही लेन्स बहुतेक कंपन्यांच्या स्वस्त लेन्सांपैकी एक असते. म्हणून अशा विद्यार्थिनीस आम्ही सांगू, की तू महाग कॅमेरा व साधी लेन्स घेऊ नकोस. साधा कॅमेरा व ही लेन्स घे.

खेळाच्या मैदानावरील गरज आणखी निराळी. धावणारा मुलगा चित्रात स्थिर दिसावयाचा, तर शटर निदान एका सेकंदाच्या पाचशेव्या भागात उघडून मिटले पाहिजे. घरात आपण साठाव्या भागावर चित्र घेतो. म्हणजे येथे प्रकाश आठव्या हिश्शाहूनही कमी मिळणार. मैदानावर ऊन असल्यास चिंता नाही, पण बंदिस्त सभागृहातील सामन्यात त्याची फार ओढाताण होते. शिवाय धावत्या माणसावर नजर न हलविता केंद्र साधणारी जलद यंत्रणाही लागते. किल्ले चढणाऱ्यास ह्यापैकी काहीच नको. त्यास हलका, दणकट, पावसाच्या तुषारांस न डगमगणारा आणि रुंद देखावा घेणारा कॅमेरा हवा. राजगडाच्या बालेकिल्ल्याची चढण चढताना दीड किलोचे ओझे गळ्यात लोंबू लागले, म्हणजे छायाचित्रकलेचे प्रेम किती खोल आहे ते आपोआप कळते! ज्यास कासच्या पठारावरील इवलीशी फुले व कीटक टिपावयाचे आहेत, त्यास जवळून पाहणारी मॅक्रो लेन्स हवी. आणि ज्यास लहान बोलपट काढावयाचे आहेत, त्याने चित्राइतकाच आवाजाचा विचार करावा. बाहेरचा मायक्रोफोन जोडण्याची सोय नसलेला कॅमेरा त्याने घेऊ नये. सहा विद्यार्थी, सहा गरजा, सहा निरनिराळी यंत्रे. "सर्वांत चांगला कोणता?" ह्या प्रश्नास आता काय उत्तर द्यावे, ते वाचकांनीच सांगावे.

आपल्या मातीतील एक उदाहरण येथे देण्याचा मोह आवरत नाही. त्र्यंबकेश्वरास जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके, ज्यांस सारा देश दादासाहेब फाळके म्हणून ओळखतो, ते १९१२ साली चलच्चित्रांची यंत्रसामग्री घेण्यासाठी लंडनला गेले. हाती पैसा बेताचा, तोही विम्याची पॉलिसी गहाण ठेवून उभारलेला. अशा मनुष्याने केवळ दुकानाच्या काचेतील चकचकाट पाहून यंत्र घेतले असते, तर पुढचा इतिहास घडला नसता. त्यांनी आधी छायाचित्रण, छपाई, ब्लॉक बनविणे ह्या कामांत वर्षे घालविली होती. चलच्चित्रे पुनःपुन्हा पाहून त्या विषयाचा अभ्यास केला होता. लंडनमध्येही जाणत्या माणसांचा सल्ला घेऊन मगच विल्यमसन कंपनीचा कॅमेरा निवडला. आणि मायदेशी परतल्यावर पहिले चित्र काढले ते कशाचे? कुंडीत पेरलेल्या वाटाण्याच्या रोपाचे! महिनाभराहून अधिक काळ कॅमेरा त्यापुढे ठेवून, थोडथोड्या वेळाने एकेक चित्र घेऊन त्यांनी अंकुराची वाढ मिनिटभरात पडद्यावर दाखविली, आणि ती पाहून भांडवल देणाऱ्यांचा विश्वास बसला. पुढे ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. ह्यातून घ्यावयाचा बोध उघड आहे. त्यांस काय दाखवावयाचे आहे हे आधी ठाऊक होते. यंत्र मागून आले.

येथे काही पालक असा आक्षेप घेतील, की एकदाच काय तो महागातला कॅमेरा घेऊन टाकला, म्हणजे तो पुढे दहा वर्षे पुरेल. आज स्वस्त आणि उद्या पुन्हा महाग, असा दुहेरी खर्च कशास? हा आक्षेप वरकरणी बिनतोड वाटतो. पण गरज कोणती हे ठाऊक नसताना घेतलेली महाग वस्तू पुरते ती चुकीच्या कामास! शिवाय ज्याची लेन्स बदलता येते अशा कॅमेऱ्यात आयुष्य लेन्सचे मोठे असते, कॅमेऱ्याचे लहान. म्हणून एकंदर रकमेपैकी कॅमेऱ्यावर कमी व लेन्सवर अधिक खर्च करणे, हाच दूरदृष्टीचा मार्ग होय. स्मृतिपत्रिका, म्हणजे मेमरी कार्ड, एक जादा बॅटरी आणि एक बरी पिशवी ह्यांचा खर्चही आरंभीच धरावा. पुष्कळ पालक सारी रक्कम यंत्रावर घालवितात, आणि घरी आल्यावर कार्डासाठी पुन्हा खिशात हात घालावा लागतो.

दुसरा आक्षेप विद्यार्थ्यांकडून येईल. "मोबाइल इतका हुशार आहे, तर कॅमेरा मुळी घ्यावाच कशाला?" ह्याचे उत्तर असे, की मोबाइलची हुशारी मोबाइलपाशीच राहते, ती आपल्या अंगी येत नाही. तोंड किती उघडावे, शटर किती वेळ उघडे ठेवावे, केंद्र कोठे साधावे, हे सारे तोच ठरवितो. हाताने हे तिन्ही ठरविण्याची सोय ज्यात आहे, असा कॅमेरा विद्यार्थ्यास प्रकाशाचे व्याकरण शिकवितो. सबब पहिल्या कॅमेऱ्यात दुसरे काही असो वा नसो, ही सोय असलीच पाहिजे, असे आम्ही आग्रहाने सांगतो. अलीकडे जुन्या, वीस वर्षांपूर्वीच्या खिशातील कॅमेऱ्यांची तरुणांत फॅशन निघाली आहे. ते अडगळीत सापडल्यास खुशाल वापरावेत. परंतु केवळ फॅशन म्हणून त्यांस चढी किंमत देणे म्हणजे भंगाराला सोन्याचा भाव देण्यासारखे आहे.

बेताच्या ऐपतीच्या कुटुंबांस आम्ही वापरलेला कॅमेरा सुचवू. आरशाच्या कॅमेऱ्यांचे, म्हणजे डीएसएलआरचे, दिवस आता मावळत चालले आहेत. मोठ्या कंपन्यांचे लक्ष मिररलेस कॅमेऱ्यांकडे वळले आहे. मिररलेस हलका असतो, आणि चित्र कसे येणार हे कळ दाबण्यापूर्वीच दाखवितो. मात्र त्याची बॅटरी लवकर उतरते. पण ह्या स्थित्यंतरामुळे चांगले डीएसएलआर कॅमेरे व त्यांच्या लेन्सा जुन्या बाजारात स्वस्तात मिळतात, आणि शिकणाऱ्याच्या दृष्टीने त्यांत काडीचेही न्यून नाही. घेताना मात्र चार गोष्टी पाहाव्यात. शटर किती वेळा उघडझाप झाले, हे विचारावे. साध्या वर्गातील शटर साधारणतः एक लाख उघडझापींच्या हिशेबाने बनविलेले असते. लेन्स उजेडासमोर धरून आत कोळिष्टकासारखी बुरशी तर नाही, हे तपासावे. तोंड लहान करून, एफ १६ वर, निरभ्र आकाशाचे अथवा पांढऱ्या भिंतीचे चित्र घ्यावे. सेन्सरवर धूळ असल्यास काळे डाग दिसतील. आणि मूळ पावतीवरील क्रमांक कॅमेऱ्यावरील क्रमांकाशी जुळतो की नाही, हे पाहावे. चोरीची वस्तू स्वस्त पडली, तरी ती महागच असते.

बुरशीचा उल्लेख आलाच आहे, तर कोकणातील व मुंबईतील वाचकांस एक इशारा. आपल्याकडील पावसाळा लेन्सचा वैरी आहे. चामड्याच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलेली लेन्स चार महिन्यांत खराब होऊ शकते. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालून त्यात कॅमेरा ठेवावा, आणि दर आठवड्यास बाहेर काढून वापरावा. वापर हेच उत्तम औषध होय. जो कॅमेरा वापरात राहतो, त्यास सहसा बुरशी चढत नाही; हा नियम मनुष्याच्या बुद्धीलाही लागू आहे.

शेवटी एक सूचना, जी आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. आमच्या शाळेत ज्यांच्या घरी कॅमेऱ्याचा विचारही होऊ शकत नाही, असे विद्यार्थी थोडे नाहीत. त्यांची नजर दुसऱ्यांहून मंद असते असे कोण म्हणेल? ग्रंथालयात ज्याप्रमाणे शंभर मुलांस मिळून एक महाग कोश पुरतो, त्याप्रमाणे शाळेने एक साधा, वापरलेला का होईना, पण हाताने चालविता येणारा कॅमेरा व दोन लेन्सा घ्याव्यात. आणि त्या पुस्तकाप्रमाणेच, नोंदवहीत सही घेऊन, शनिवारी देऊन सोमवारी परत घ्याव्यात. माजी विद्यार्थ्यांपैकी कित्येकांच्या कपाटात असे कॅमेरे निजून असतील. ते त्यांनी शाळेस दिले, तर दान आणि अडगळीचा निकाल दोन्ही साधतील. एखादी वस्तू मोडेल, हरवेलही. परंतु प्रयोगशाळेतील परीक्षानळ्या फुटतात म्हणून आपण रसायनशास्त्र शिकविणे बंद करीत नाही. ह्या योजनेने दुहेरी लाभ होईल. ज्यास विकत घेणे शक्य नाही, त्यास विद्या मिळेल. आणि ज्यास शक्य आहे, त्यास आपली गरज आधी कळून त्याच्या पालकांचा पैसा वाचेल. पहिला कॅमेरा स्वतःच्या मालकीचाच असला पाहिजे, असा नियम कोठे आहे?

तेव्हा पालकांस आमची विनंती एवढीच, की मुलाने कॅमेरा मागितला, तर त्यास "नाही" म्हणू नये आणि लागलीच "हो"ही म्हणू नये. "तुझी वही दाखव," असे म्हणावे. आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस सांगणे असे, की ती वही प्रामाणिकपणे भरा. दूरचा पक्षी, अंधारातला नट, धावता खेळाडू, पानाखालची मुंगी, ह्यांपैकी कोण तुम्हांस वारंवार चुकवून निसटून जातो, ते ओळखा. ते ओळखल्यावर कोणता कॅमेरा घ्यावा, हे विचारण्यासाठी तुम्हांस कोणाच्याही दारी जावे लागणार नाही. दुकानात जाऊन तुम्हीच दुकानदारास नेमके काय हवे ते सांगाल.